मोदकाचे देशांतर

परदेशाहून परतलेल्या कीर्तनकारास गावात पहिला प्रश्न विचारला जातो, तो तेथील विद्वानांविषयी नसतो की देवालयांविषयी नसतो. "बुवा, तिकडे खाल्लेत काय?" एवढाच तो असतो. विचारणाऱ्याच्या स्वरात काळजी असते, कुतूहल असते आणि, खरे सांगावयाचे तर, किंचित संशयही असतो. त्यातून 'तिकडची मिठाई खाल्ली' असे उत्तर दिले की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी उमटते. भाजीभाकरी ही पोटाची गरज, ती क्षम्य. पण गोडधोड म्हणजे जिभेचा चोचला, आणि परमुलुखात जाऊन असले चोचले पुरविणे हरिदासास शोभते काय, असा त्या आठीचा अर्थ.

त्या आठीशीच मला आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. गणरायाचे आगमन झाले आहे, घरोघर मोदकपात्रे शेगडीवर चढली आहेत, आणि यांपैकी कितीतरी घरांतील मुलगा वा मुलगी आज टोकियोत, टोरांटोत किंवा सिंगापुरात आहे. त्यांनी तेथे काय खावे, येताना त्यांनी आणलेला मिठाईचा डबा देवघरात न्यावा की बाहेरच्या फळीवर ठेवावा, यावरून सासूसुनांत आणि बापलेकांत अबोला धरल्याची उदाहरणे मला ठाऊक आहेत. सणाच्या दिवशी घरात अबोला असणे यापरते अमंगल दुसरे नाही. माझे मत स्पष्ट आहे. परमुलुखातील गोड पदार्थ चौकशी करून, देवाचे नाव घेऊन, आवडीने खावा. हे मी शास्त्र बाजूस सारून म्हणत नाही, शास्त्र पुढ्यात ठेवूनच म्हणतो.

तेव्हा आधी शास्त्रच पाहू. धर्मशास्त्रकारांनी अन्नाचे दोष सांगितले आहेत. जो पदार्थ मुळातच वर्ज्य तो जातिदुष्ट, जसा लसूण. जो शिळा झाला तो कालदुष्ट. निषिद्ध वस्तूच्या स्पर्शाने बिघडला तो संसर्गदुष्ट. आणि पाहताच मनाला किळस यावी तो भावदुष्ट. 'जातिदुष्ट' हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात रांधणाऱ्याची जात येते. येथे जाती आहे ती पदार्थाची. रांधणाऱ्यासंबंधीचे निर्बंध स्मृतींत निराळे आहेत, ते नाहीतच असे मी म्हणणार नाही. परंतु जगन्नाथपुरीच्या महाप्रसादाने आणि आमच्या गोपाळपूरच्या काल्याने त्या निर्बंधांचा निकाल शेकडो वर्षांपूर्वीच लावलेला आहे. काल्याच्या दिवशी ज्याच्या हातून ज्याच्या मुखात लाह्या पडल्या त्याने त्याचे कूळ विचारले, असे मी तरी आजवर पाहिलेले नाही.

प्रवासाचाही विचार शास्त्राने केलेला आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शिळ्या अन्नाचा निषेध करतानाच स्निग्ध, म्हणजे तुपातेलाने युक्त, पदार्थांना अपवाद सांगितला आहे. वाटेवरच्या शिदोरीला संस्कृतात 'पाथेय' असा स्वतंत्र शब्द आहे. आमच्या आजीच्या पिढीतील बायका यात्रेस निघताना दुधात भिजविलेल्या दशम्या आणि तुपातले लाडू बांधून नेत, ते काही चवीपुरते नव्हे. ते टिकत आणि विटाळतही नसत, अशी समजूत होती. म्हणजे गोड पदार्थ हाच मुळी प्रवासाचा सोबती. तो प्रवासात वर्ज्य कसा असेल?

राहिला समुद्र. बौधायनांनी समुद्रयान हे पातित्य आणणाऱ्या कर्मांत गणले आणि पुढे निबंधकारांनी ते कलिवर्ज्यांत घातले, हे खरे. पण आज विमानात बसल्याबद्दल कोणी कोणास प्रायश्चित्त सांगत नाही. विमानात पुढे आलेल्या ताटाबद्दल मात्र विचारतो. ज्या बंधनाचे मूळ आपणच उपटले त्याची एक फांदी तेवढी कुरवाळीत बसावयाची, यात कसली आली निष्ठा? आणि परदेशी जाण्याचीही गरज नाही. १८९० साली पुण्यातल्या पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांवरून केवढे ग्रामण्य माजले होते! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे त्या पंक्तीत होती आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ती बिस्किटे आज आपल्या घरातील लहान मूल पाळण्यात चघळते.

आता माझ्या डोळ्यांनी पाहिलेले सांगतो.

२००९ च्या सप्टेंबरात जागतिक संस्कृत परिषदेचे चौदावे अधिवेशन जपानमध्ये क्योटो येथे भरले होते. त्या वर्षी ३ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. घरचा गणपती पाण्यात निघाला असेल आणि आपण येथे, या विचाराने मन उदास झाले होते. अशा वेळी एका जपानी पंडितांनी मला गिओन नावाच्या भागात नेले. गिओन हे नाव बुद्धाच्या जेतवनाच्या नावावरून आलेले, हे कळताच पाय जरा हलके झाले. तेथे यासाका देवस्थानाजवळ कामेया कियोनागा हे मिठाईचे जुने दुकान आहे. दुकानाची स्थापना १६१७ ची, म्हणजे शिवछत्रपतींच्या जन्माच्या आधीची. तेथे मिळतो 'कांगिदान'.

कांगिदान म्हणजे काय? जपानात गणपतीची उपासना तेराशे-चौदाशे मैलांच्या नव्हे, तर त्याहून कितीतरी लांबच्या वाटेने पोचली. भारतातून चीन, चीनमधून बौद्ध आचार्यांबरोबर जपान. तेथे या देवाचे नाव 'कांगितेन', म्हणजे आनंददेव. त्याची मूर्ती बहुधा पडद्याआड असते, दर्शनाला खुली नसते. त्यास पांढरा मुळा वाहतात आणि नैवेद्याला कांगिदान ठेवतात. 'कांगि' म्हणजे आनंद, 'दान' म्हणजे गोळा. वाचकहो, मोद म्हणजे आनंद आणि मोद देणारा तो मोदक. आपला शब्द जपानी भाषेत केवळ गेला नाही. कोणा जाणत्याने त्याचा अर्थ उलगडून तेथील शब्दांत पुन्हा बसविला. असे भाषांतर करावयास पदार्थावर आणि देवावर दोहोंवर प्रेम असावे लागते.

पदार्थाचे रूप पाहाल तर थक्क व्हाल. तांबड्या घेवड्यासारख्या अझुकी नावाच्या द्विदल धान्याचे गोड पुरण करतात, म्हणजे आपल्या पुरणाचा भाऊच. त्यात चंदन, लवंग, दालचिनी अशा सात सुगंधी द्रव्यांची पूड मिसळतात. कणीक आणि तांदळाचे पीठ यांची पारी करून तीत ते पुरण भरतात, वर मोटेची गाठ बांधावी तशा आठ चुण्या घालतात, आणि तिळाच्या तेलात तळतात. पूर्वी सारणात धान्याऐवजी सुकी फळे असत. ही कृती त्या घराण्यास हिएई पर्वतावरील आचार्यांकडून मिळाली असे सांगतात, आणि करणारा आधी शुचिर्भूत होतो. सोवळे ते यापेक्षा निराळे काय असते?

तो मोदक मी खाल्ला. वरून दगडासारखा टणक, आत चंदनाचा वास. पहिल्या घासाला देव्हाऱ्यात तोंड उघडल्यासारखे वाटले. चव आपल्या जिभेच्या ओळखीची नाही, हे कबूल. पण कोकणातील भगिनी उकडीचा मोदक हाच खरा म्हणतात आणि आम्ही देशावरचे लोक कणकेचा तळलेला मोदक करतो, तेव्हा त्यांच्या लेखी आम्हीही निम्मे परदेशीच. अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत सहस्र मोदकांचे माहात्म्य आहे. पारी कोणत्या पिठाची, आणि मोदक उकडावा की तळावा, याविषयी तेथे एक अक्षर नाही. तळणीच्या मोदकाचा जपानी भाऊबंद पाहून माझ्या देशस्थ मनाला जे समाधान झाले ते येथे विस्ताराने सांगत नाही, नाहीतर कोकणातून पत्रे येतील.

कोकणवासीयांच्या समाधानासाठी बँकॉकची हकीकत सांगतो. २०१५ साली परिषदेचे सोळावे अधिवेशन तेथे भरले. त्या नगरात राजघराण्याच्या ब्राह्मणांचे 'देवस्थान' नावाचे मंदिर आहे, १७८४ मध्ये बांधलेले. तेथे गणेशाची पूजा होते. थाई लोक ब्राह्मणी विधींत आणि गणपतीपुढे 'खनोम तोम' ठेवतात. तांदळाच्या पिठीचा गोळा, आत ताडगूळ आणि नारळाचे सारण, उकळत्या पाण्यात शिजविलेला आणि वरून ओल्या खोबऱ्यात घोळलेला. 'खनोम' म्हणजे गोड खाऊ, 'तोम' म्हणजे उकडलेला. उकडीचा मोदकच की! कळ्या पाडण्याची कला तेवढी तेथे नाही. त्याच पंक्तीत सोन्याच्या तारांसारखी दिसणारी एक मिठाई, 'फोय थोंग', पुढे आली. दिसावयास इतकी देखणी की हात आपोआप पुढे जावा. पण चौकशी केली तेव्हा कळले की ती अंड्याच्या बलकाची असते आणि सतराव्या शतकात पोर्तुगीजांच्या संबंधातून सयामात आली. हात जोडले आणि ताट पुढे सरकविले. यजमानास वाईट वाटले नाही. उलट त्यांनी खनोम तोमची दुसरी वाटी आणून ठेवली. नाही म्हणण्याने संबंध तुटत नाहीत, नाक मुरडण्याने तुटतात.

२०२५ च्या जूनमध्ये परिषद काठमांडूस भरली, आणि तेथे नेवार लोकांची 'योमरी' पाहिली. तांदळाच्या उकडीची लांबट, माशासारखी पारी, आत 'चाकु' म्हणजे उसाच्या रसाचा काळा घट्ट गूळ आणि तीळ, आणि वाफेवर उकडलेली. मार्गशीर्षी पौर्णिमेस ती घरोघर होते. गणेश, कुमार, लक्ष्मी, कुबेर यांच्या आकाराच्याही करतात आणि मुलांच्या ठरावीक वाढदिवसांना योमरींची माळ गळ्यात घालतात. नावाचा अर्थ विचाराल तर 'आवडती भाकरी'. संस्कृतात मोद, जपानीत आनंद, नेवारीत आवड. गोड घास हातात घेताना निरनिराळ्या देशांच्या माणसांच्या तोंडून एकाच अर्थाचा शब्द बाहेर पडला आहे.

आणि तो घास गोड झाला कशाने? अर्थशास्त्रात कौटिल्याने फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी उसाच्या रसाची रूपे नोंदविली आहेत. यातील शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि युरोपात गेली तेव्हा शुगर झाली. खण्डाचे कँडी झाले. मलाय लोक साखरेला 'गुला' म्हणतात, तो आपला गूळ. सातव्या शतकात चीनच्या ताइ-त्सुंग सम्राटाने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसे पाठविली होती. पण हे ऐकून छाती फुगविणाऱ्यांनी पुढचेही ऐकावे. हिंदीत साखरेला चीनी आणि खडीसाखरेला मिश्री म्हणतात, म्हणजे चीन आणि मिस्र या देशांची नावे आपण आपल्या डब्यांवर लिहून ठेवली आहेत. बर्फी, हलवा हे शब्द इराणातून आणि अरबस्तानातून आले. ज्या जिलेबीवाचून आमच्याकडे मंगलकार्याची पंगत उठत नाही तिचे नाव अरबी 'झलाबिया'शी जुळते. आणि सतराव्या शतकातील रघुनाथ सूरीच्या 'भोजनकुतूहल' या संस्कृत ग्रंथात तिची कृती आहे. परका पदार्थ आवडला, तर त्याची कृती संस्कृतात लिहून ठेवण्याएवढे मन आपल्या पूर्वजांचे मोठे होते.

एकादशीच्या फराळाचे ताट पाहा. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, रताळे, राजगिरा, सारे मूळचे अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांसारख्या दर्यावर्द्यांच्या गलबतांतून जगभर फिरलेले. तुकोबारायांच्या काळी ज्यांची ओळख झाली नसेल असे पदार्थ आज आम्ही पांडुरंगाच्या उपासाला पवित्र मानून खातो. यात काही चुकले असे मी म्हणत नाही. साबुदाण्याची खीर मलाही प्रिय आहे. ज्यांच्या उपासाच्या ताटाने सातासमुद्रांपलीकडचे पीक पावन करून घेतले, त्यांनी क्योटोच्या मोदकाकडे संशयाने पाहू नये, इतकेच म्हणणे आहे.

या सगळ्यांत मनाला सर्वांत लागलेला गोड घास मॉरिशसमधला. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे करारावर मजूर म्हणून त्या बेटावर नेली गेली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसेही होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला आहे. त्या दगडी पायऱ्यांवर मी थोडा वेळ बसलो होतो. ही माणसे गेली कशासाठी? ऊस तोडण्यासाठी. युरोपातील चहाचे पेले आणि मिठाईची दुकाने ज्या साखरेवर चालत, ती साखर यांच्या पाठीवरून गेली. जगाला गोड करणाऱ्या माणसांच्या स्वतःच्या घरी नारळ आणि गूळ मिळाला, तेव्हा त्यांनी आधी गणपतीसाठी मोदक केला. आज तेथे गणेशचतुर्थीस सरकारी सुट्टी असते आणि मराठी घरांत मोदक असतोच. त्याच्या बरोबरीने मला 'गातो पातात' मिळाला. उकडलेले रताळे कुस्करून त्यात पीठ मळतात, अर्धचंद्राकृती पारी करून आत खोबरे, साखर, वेलची भरतात आणि तळतात. नाव तेथल्या क्रिओल भाषेतले, रूप करंजीचे. ज्या आजीबाईंनी तो दिला त्यांचे मराठी चारदोन आरत्यांपुरते उरले होते, पण करंजीची कड त्यांनी दुमडली ती माझ्या आईने दुमडली असती तशीच. तो घास 'परदेशी' म्हणून मी नाकारला असता, तर देवाने मला काय म्हटले असते?

म्हणूनच, परदेशच्या सहलीत रोज श्रीखंडपुरीच मिळेल अशा जाहिराती पाहिल्या की मला गंमत वाटते. हिमाच्छादित शिखरापुढे बसून घरची आमटी ओरपणाऱ्यांवर टीका करण्याचा हेतू नाही. शाकाहारी माणसाची परमुलुखात उपासमार होते आणि ज्येष्ठांना ओळखीचे अन्न हवे असते. परंतु पंधरा दिवसांत त्या देशाचा एकही घास तोंडी न लागता परतणे म्हणजे पंढरीस येऊन चंद्रभागेत पाय न भिजविता जाणे होय.

चौकशी मात्र कसून करावी. अंडे, प्राण्याची चरबी, हाडाकातड्याचे जिलेटिन आणि मद्य, या चारांविषयी विचारावे. पुष्कळ देशांत हे घटक वेष्टनावर छापलेले असतात. नावावरून निर्णय करू नये. जपानात 'योकान' नावाची वडी मिळते. तिच्या नावाचा चिनी अक्षरांतला अर्थ मेंढीच्या मांसाचा रस्सा असा आहे, आणि प्रत्यक्षात ती असते अझुकीचे पुरण, साखर आणि समुद्रशेवाळाचा गोठविणारा अर्क यांची. मांस न खाणाऱ्या भिक्षूंनी जुने नाव ठेवून आतला पदार्थ बदलून टाकला. याच्या उलट, निष्पाप दिसणाऱ्या रंगीत चघळगोळीत जिलेटिन असू शकते. नातवंडांना हे समजावून सांगावे. ती आपल्यापेक्षा लवकर वाचतात.

आता देवघराच्या उंबऱ्याचा प्रश्न. गीतेत भगवंतांनी पानाफुलापाण्यावर संतोष मानला आहे, तो अर्पण करणाऱ्याच्या भक्तीमुळे. चतुर्थीचा मुख्य नैवेद्य घरच्या हातचा मोदकच असावा, याविषयी माझ्या मनात दुमत नाही. तो विकतचाही नसावा, मग दुकान पुण्याचे असो वा पॅरिसचे. त्या नैवेद्यानंतर मुलाने प्रेमाने आणलेला, घटक तपासलेला डबा देवापुढे ठेवण्यास मी कोणतीही हरकत पाहत नाही. सासूबाईंनी तो स्वतःच्या हाताने ठेवावा, म्हणजे सुनेशी वेगळे काही बोलावे लागणार नाही.

आणि त्या डब्यातून कांगिदान निघालाच, तर तो तसाच गार खाऊ नये. जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर थोडा गरम करावा; पारी खुसखुशीत होते, चंदनाचा वास घरभर सुटतो, आणि दात शाबूत राहतात.